शर्यतीचा घोडा जयपूरच्या मैदानावर

जयपूरच्या जुन्या शहरात, गणगौरी बाजाराच्या परिसरात, एक विस्तीर्ण पटांगण आहे. आज तेथे स्टेडियम उभे असले तरी त्याचे नाव चौगान असेच राहिले आहे. हा शब्द मूळचा फारसी. ज्या वाकड्या काठीने घोडेस्वार चेंडू टोलवीत त्या काठीला, आणि तिच्यावरून त्या खेळालाही, इराणात चौगान म्हणत. पुढे हिंदुस्थानात हा खेळ मागे पडला. राजस्थानातील गावोगावच्या मोकळ्या मैदानांना मात्र ते नाव चिकटून राहिले. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोर येथे चौगान खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला. अकबराला या खेळाचा इतका नाद होता की, अंधार पडल्यावरही खेळ थांबू नये म्हणून तो पळसाच्या लाकडाचे पेटते चेंडू वापरीत असे, अशी नोंद अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त करून ठेवली आहे. आमेरचे कछवाह राजे मोगलांच्या दरबारात मोठे मनसबदार होते. त्यामुळे त्यांच्या वंशजांनी १७२७ साली वसविलेल्या नव्या राजधानीत चौगानासाठी जागा राखली जावी यात नवल नाही.

त्याच खेळाचे आधुनिक रूप म्हणजे पोलो. त्याचा इतिहास सामान्यतः राजांच्या आणि सेनाधिकाऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो. त्यांची छायाचित्रे राजवाड्यांतून टांगलेली असतात, चषकांवर त्यांची नावे कोरलेली असतात. ज्याच्या पाठीवर बसून हे चषक जिंकले गेले, त्या प्राण्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक जयपूरचा पोलो ज्या कारणाने उदयास आला, ज्या कारणाने जवळजवळ संपला आणि ज्या कारणाने तगून राहिला, ती तिन्ही कारणे घोड्याशी निगडित आहेत. हा घोडा बहुतेक वेळा शर्यतीच्या मैदानावरून आलेला असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खेळाचे स्वरूप थोडक्यात पाहू. मैदान सुमारे २७४ मीटर लांब व १८३ मीटर रुंद असते. फुटबॉलची कित्येक मैदाने त्यात मावतील. प्रत्येक बाजूस चार स्वार असतात. सात-साडेसात मिनिटांच्या एका डावास ‘चक्कर’ म्हणतात. इंग्रजांनी हा आपला शब्दच उचलून जगभर नेला. प्रत्येक चक्करनंतर स्वार घोडा बदलतो, कारण त्या सात मिनिटांत घोडा ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो, एकाएकी थांबतो, जागच्या जागी वळतो आणि पुन्हा धावू लागतो. एवढ्या श्रमानंतर त्याला विश्रांती द्यावीच लागते. म्हणून एका सामन्यासाठी एकेका खेळाडूपाशी चार ते सहा घोडे असावे लागतात. खेळाडू कितीही निपुण असला तरी ज्याचा घोडा चेंडूपाशी आधी पोचतो त्याचीच सरशी होते. या खेळात तीन हिस्से घोडा आणि एक हिस्सा स्वार, असे जुने खेळाडू म्हणत आले आहेत.

आरंभी हा घोडा घोडा नव्हताच, तट्टू होते. अर्वाचीन पोलो इंग्रजांनी मणिपूरमध्ये पाहिला. तेथे ‘सगोल काङजै’ या नावाने तो गावोगावी खेळला जात होता, आणि मणिपुरी तट्टाची उंची बारा हँडच्या आसपास असे. (घोड्याची उंची खांद्यापर्यंत मोजतात, चार इंचांचा एक हँड.) १८५९ साली चहामळेवाल्यांनी व लष्करी अधिकाऱ्यांनी सिल्चर येथे पहिला पोलो क्लब काढला, तेथून हा खेळ कलकत्त्यास, छावण्याछावण्यांतून आणि अखेर विलायतेस गेला. जसजसा खेळ वेगवान होत गेला तसतशी उंच घोड्यांची मागणी वाढली. नियम करणाऱ्या मंडळांनी उंचीवर मर्यादा घातली, ती वेळोवेळी वाढविली, आणि १४ हँड २ इंचांपर्यंत आणून ठेवली. पहिल्या महायुद्धानंतर ही मर्यादाही काढून टाकण्यात आली.

हा एक साधा तांत्रिक बदल वाटेल. परंतु त्याने खेळाचे रूपच पालटले. आता थरोब्रेड घोड्याला पोलोचे दार मोकळे झाले. थरोब्रेड ही केवळ धावण्यासाठी निपजविलेली जात होय. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडमध्ये नेलेल्या तीन नरांपर्यंत आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा पोचते, आणि १७९१ पासून या घोड्यांची वंशावळ छापील नोंदवहीत ठेवली जाते. तट्टू काटक असते, अडचणीच्या वाटेने जाते, थोडक्या चाऱ्यावर राहते. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायले ते याच गुणांच्या बळावर. पण सपाट हिरवळीवर तीनशे यार्डांची चौखूर दौड मारायची असेल तेव्हा थरोब्रेडपुढे त्याचा निभाव लागत नाही.

जयपूरचा उदय नेमका या काळातला आहे. महाराज सवाई मानसिंह (दुसरे) हे इसरद्याच्या ठाकूर घराण्यातून दत्तक आलेले. १९२२ साली गादीवर आले तेव्हा ते अजून बालवयात होते. त्या वेळी राजस्थानात पोलोचे खरे माहेर जोधपूर हे होते. तेथील सर प्रतापसिंहांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ रुजविला होता, आणि १८९७ मध्ये ते आपला संघ इंग्लंडला घेऊन गेले होते. मानसिंहांचा पहिला विवाह जोधपूरच्या राजकन्येशी १९२४ साली झाला. त्यांचा पोलोही बव्हंशी जोधपूरच्या तालमीत घडला. १९३३ साली इंग्लंडला गेलेल्या त्यांच्या सुप्रसिद्ध संघात स्वतः महाराजांखेरीज सर प्रतापसिंहांचे पुत्र रावराजा हणूतसिंह, रावराजा अभयसिंह आणि गुजरातेतील बारिया संस्थानचे पृथीसिंह होते. म्हणजे नाव जयपूरचे असले तरी चौघांपैकी तिघे बाहेरचे होते! त्या हंगामात या संघाने इंग्लंडमधील सर्व प्रमुख खुल्या स्पर्धा जिंकल्या. एकाच संघाने संपूर्ण हंगाम असा सर करावा ही गोष्ट पोलोच्या इतिहासात विरळाच.

या विजयामागची तयारी ध्यानात घेतली पाहिजे. संघाचे घोडे, त्यांचे मोतद्दार, जीन-लगामाचे सर्व साहित्य बोटीने इंग्लंडला नेण्यात आले. बोटीत आठवड्यांमागून आठवडे उभ्याने काढलेल्या घोड्याचे पाय सुजतात, भूक मंदावते, कातडीची झळाळी जाते. त्याला पुन्हा मैदानाच्या योग्यतेस आणण्याचे काम मोतद्दारांचे. रोजचा खरारा, पायांना पट्ट्या बांधणे, दाणा-वैरणीचे प्रमाण, पहाटेची रपेट, यांतील एकही गोष्ट चुकून चालत नाही. चषकावर चार नावे कोरली गेली. हे काम करणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हणूतसिंह आणि मानसिंह हे दोघेही नऊ गोलांच्या दर्जाचे खेळाडू होते. दहा गोल हा सर्वोच्च दर्जा मानतात हे लक्षात घेतले तर त्यांची योग्यता कळून येईल. परंतु नऊ गोलांचा खेळाडू थकलेल्या घोड्यावर चार गोलांचाही राहत नाही.

मराठी वाचकांना या कथेतील एक धागा आपलासा वाटेल. पोलोच्या हंगामासाठी महाराज कलकत्त्यास जात तेव्हा कूचबिहारच्या राजमाता इंदिराराजे यांच्या ‘वुडलँड्स’ या निवासस्थानी त्यांचे जाणे-येणे असे. इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह स्वतः मोडून १९१३ साली त्यांनी कूचबिहारचे जितेंद्रनारायण यांच्याशी लग्न केले होते. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी १९४० मध्ये मानसिंहांच्या तिसऱ्या राणी म्हणून जयपूरला आल्या.

बडोद्याचे गायकवाड घराणे या इतिहासात आणखी एका वाटेने येते, आणि ती वाट शर्यतीच्या मैदानाची आहे. मुंबईत घोड्यांच्या शर्यती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, आधी भायखळ्याला आणि १८८३ पासून महालक्ष्मीला, होत आल्या आहेत. पण धावणारे घोडे बहुधा बाहेरचे असत: इराणच्या आखातातून येणारे अरबी, ऑस्ट्रेलियातून येणारे ‘वेलर’, इंग्लंडहून येणारे थरोब्रेड. येथे निपजलेल्या घोड्याला दुय्यम मानले जाई. दुसऱ्या महायुद्धात जहाजे युद्धकार्याला जुंपली गेली, घोड्यांची आयात जवळजवळ थांबली, आणि जे आधी सुचत नव्हते ते सुचले. १९४३ साली महालक्ष्मीच्या मैदानावर केवळ भारतात जन्मलेल्या चार वर्षांच्या घोड्यांसाठी २४०० मीटरची एक मोठी शर्यत सुरू झाली. हीच इंडियन डर्बी. पहिली डर्बी जिंकली ती बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने. तिच्या पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता.

डर्बीचे नाव इंग्लंडमधील एप्सम येथे १७८० पासून चालत आलेल्या शर्यतीवरून घेतलेले आहे. परंतु तिच्या हेतूचा विचार करता आपल्या डर्बीचे साम्य एप्समपेक्षा जपानच्या डर्बीशी अधिक आहे. ‘तोक्यो यूशुन’ या नावाची ती शर्यत १९३२ साली तोक्योजवळच्या मेगुरो मैदानावर प्रथम धावली. पुढे ती फुचूच्या विस्तीर्ण मैदानावर गेली. देशातच उत्तम घोडे निपजावेत आणि घोडे पाळणाऱ्याला मोठ्या बक्षिसाची आशा असावी, हा तिचा उघड उद्देश होता. जपानने ही गोष्ट इतक्या चिकाटीने केली की अर्ध्या शतकानंतर, १९८१ मध्ये, त्याने ‘जपान कप’ सुरू करून साऱ्या जगाच्या घोड्यांना आपल्या मैदानावर बोलाविले. पहिला कप अमेरिकन घोडीने नेला. पुढील काळात मात्र जपानी घोडे परदेशांतील मोठमोठ्या शर्यती जिंकू लागले. भारताची झेप तेवढी मोठी नाही. तरीही डर्बीमुळे पुण्याच्या परिसरात, पंजाबात व अन्यत्र घोड्यांची पैदास करणारे व्यवसाय स्थिरावले, आणि स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध आले तेव्हा देशाजवळ स्वतःचा थरोब्रेड होता. मुंबईच्या या घटनेचा जयपूरशी संबंध कसा आला, हे आता पाहावयाचे आहे.

१९४७ नंतरची काही वर्षे भारतीय पोलोला अत्यंत कठीण गेली. घोडदळाच्या पलटणींना महायुद्धाच्या सुमारासच घोड्यांऐवजी रणगाडे व चिलखती गाड्या मिळाल्या होत्या. फाळणीत सैन्याबरोबर घोडे आणि खेळाडूही विभागले गेले. ३० मार्च १९४९ रोजी राजस्थानचे एकत्रीकरण झाले, मानसिंह राजप्रमुख झाले, आणि संस्थानी फौजा भारतीय सेनेत विलीन झाल्या. ज्या पागा संस्थानच्या खजिन्यावर चालत होत्या त्या आता खाजगी खर्चाच्या बाबी ठरल्या. एक घोडा पोसणे म्हणजे काय हे ज्याने पोसला आहे त्यालाच कळते. दाणा, वैरण, नालबंद, पशुवैद्य आणि मोतद्दार हे खर्च घोडा खेळो वा न खेळो, चुकत नाहीत. अनेक संस्थानांतील पागा या काळात मोडल्या.

जयपूरला या संकटातून वाचविले ते राजवाड्याने नव्हे, सैन्याने, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विलीन झालेल्या संस्थानी घोडदळांतून १९५३ साली एक नवी पलटण उभारण्यात आली आणि १९५४ मध्ये तिला ‘६१ कॅव्हलरी’ हे नाव मिळाले. तिच्यात ग्वाल्हेरचे लान्सर्स होते, म्हैसूरचे होते, जोधपूर आणि जयपूरच्या कछवाह हॉर्सचे स्वार होते. यांपैकी जोधपूर व म्हैसूरच्या लान्सर्सनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी पॅलेस्टाईनमधील हैफा शहर भाल्यांच्या चढाईने घेतले होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची परंपरा सांगणारे स्वार अशा रीतीने जयपूरला आले. या पलटणीचे ठाणे जयपूर झाले, आणि तिच्याबरोबर शहराला शेकडो घोडे, त्यांचे मोतद्दार, नालबंद व पशुवैद्य मिळाले. दरबारी पागा आटत असताना सरकारी पागा उभी राहिली. पोलोचे मैदान ओस पडले नाही ते यामुळे.

१९५७ साली फ्रान्समधील दोव्हिल येथे झालेली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भारताने जिंकली. मानसिंह कर्णधार होते, हणूतसिंह सोबत होते. किशनसिंह आणि विजयसिंह हे उरलेले दोघे. पहिल्या विजयाला चोवीस वर्षे लोटली होती आणि हणूतसिंहांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. त्याच वर्षी मानसिंहांनी आपला रामबाग राजवाडा हॉटेलमध्ये रूपांतरित केला. त्याच्या शेजारचे पोलो-मैदान मात्र पोलोसाठीच राहिले. १९६० च्या सुमारास पश्चिम आशियातून आलेल्या आफ्रिकन अश्वरोगाच्या साथीने देशातील असंख्य घोडे दगावले. २४ जून १९७० रोजी इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे पोलोच्या मैदानावर मानसिंहांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी संस्थानिकांचे तनखे रद्द झाले.

आता पुन्हा घोड्याकडे वळू. डर्बी जिंकणारा घोडा जयपूरला येत नाही. १९७७ ची डर्बी जिंकणाऱ्या ‘स्क्वाँडरर’सारखा घोडा शर्यतींतून निवृत्त झाला की पैदाशीसाठी ठेवला जातो. परंतु विजेता एकच असतो. दरवर्षी देशात जन्मणाऱ्या शिंगरांपैकी फार थोडी डर्बीच्या फाटकापर्यंत पोचतात. उरलेली लहान शर्यतींत धावतात, आणि पाच-सहा वर्षांची होता होता बहुतेकांचे धावणे संपते. घोडा पंचवीस वर्षे जगू शकतो. तेव्हा या उरलेल्या वीस वर्षांचे काय, हा प्रश्न शर्यतीच्या धंद्याच्या मुळाशीच आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही देशाला सापडलेले नाही.

आपल्याकडे त्याची काही उत्तरे चमत्कारिक निघाली. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या पागेतील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस-रक्तद्रव्याच्या निर्मितीसाठी दिले जात. धनुर्वातावरील किंवा सर्पदंशावरील औषध घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. आपलेच घोडे देऊन आपणच औषध का करू नये, या विचारातून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि आज ती जगातील सर्वांत मोठ्या लस-उत्पादकांपैकी एक आहे. काही घोडे रपेटीच्या शाळांत जातात, काही थंड हवेच्या ठिकाणी प्रवाशांना पाठीवर वाहतात. आणि ज्यांचे पाय धड आहेत, स्वभाव शांत आहे, उंची फार नाही, अशांपैकी काहींना पोलोवाले विकत घेतात. जयपूरच्या मैदानावर दिसणाऱ्या घोड्यांचा मोठा भाग असा आलेला असतो.

शर्यतीच्या घोड्याला पोलो शिकविणे म्हणजे त्याने आजवर शिकलेले बहुतेक सारे पुसून टाकणे होय. शर्यतीत दोन्ही हातांनी ओढलेला लगाम म्हणजे अधिक जोराने धावण्याची खूण. घोडा त्यावर भार टाकून पळतो. पोलोत स्वाराच्या उजव्या हातात काठी असते, म्हणून लगाम एका डाव्या हातातच धरावा लागतो, आणि मानेच्या बाजूला दोर नुसता टेकताच घोड्याने वळले पाहिजे. शर्यतीच्या घोड्याला थांबणे ठाऊक नसते. निशाण ओलांडल्यावर तो हळूहळू मंदावतो. येथे त्याने चौखूर धावता धावता मागच्या पायांवर बसून चार पावलांत थांबावयाचे असते. शर्यतीत दुसऱ्या घोड्याला धक्का देणे हा अपराध आहे. पोलोत प्रतिस्पर्ध्याच्या घोड्याला खांदा लावून चेंडूच्या रेषेवरून बाजूला सारणे हा खेळाचा गाभा आहे. भित्रा घोडा येथे मागे सरतो, आणि तो कितीही वेगवान असला तरी निरुपयोगी ठरतो.

म्हणून पहिले काही महिने काठी आणि चेंडू यांचा प्रश्नच नसतो. घोड्याला आधी विश्रांती देतात, शर्यतीचा दाणा कमी करतात, पावलांवर व दुडकीवर आणतात. मग वर्तुळे, आठाच्या आकड्याची वळणे, थांबणे, मागे सरणे. त्यानंतर स्वार काठी नुसती हातात धरून बसतो, तिने घोड्याच्या खांद्याला, पायाला हलकेच स्पर्श करतो. काठी कानाजवळून सणसणत गेली तरी घोडा बिचकत नाही असे झाले की चेंडू टाकतात. आयाळ बारीक छाटतात आणि शेपटी गुंडाळून बांधतात, कारण लोंबते केस काठीत अडकतात. हे सारे होण्यास एक ते दोन वर्षे लागतात. घाई केली तर घोडा तोंडाचा कठीण होतो, आणि तसा घोडा पुढे कोणीच सुधारू शकत नाही. नीट तयार झालेला घोडा मात्र पंधराव्या वर्षापर्यंतही खेळतो. डर्बीचे वय चौथे; पोलोत घोड्याला अक्कल येते ती आठव्या-नवव्या वर्षी. चेंडू कोठे जाणार हे स्वाराच्या आधी त्याला कळते आणि तो आपण होऊन वळतो. महालक्ष्मीवर ज्याला कोणी नावाने ओळखले नाही, असा एखादा घोडा जयपूरला सर्वांत मागितला जाणारा ठरल्याची उदाहरणे जुने खेळाडू आवडीने सांगतात.

मुंबई आणि जयपूर या दोन्ही ठिकाणी घोड्याची जागा आज पूर्वीइतकी निश्चित नाही. महालक्ष्मीच्या मैदानाच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली होती. दीर्घ वादानंतर २०२४ साली त्यातील सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे देण्याचे ठरले आणि सुमारे ९१ एकर शर्यतींसाठी राहिली. २०२० मध्ये ६१ कॅव्हलरीचे चिलखती पलटणीत रूपांतर करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा घोडा राहावा की जावा यावर सेनेच्या आतबाहेर बरीच चर्चा झाली. जयपूरच्या पोलोला या पलटणीचा आधार किती आहे, हे त्या चर्चेत फारसे कोणाच्या बोलण्यात आले नाही. खाजगी मालक आले आहेत, उद्योगसमूह चषक देतात. पण मोतद्दार, नालबंद आणि घोड्याचे पाय पारखणारा पशुवैद्य ही माणसे चषक देऊन तयार होत नाहीत. ती पागेतच, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे, तयार होतात.

शर्यतीच्या घोड्याचे नाव वंशावळीच्या नोंदवहीत छापलेले असते. पोलोत आल्यावर बहुधा त्याला नवे, हाक मारण्यास सोपे असे नाव मिळते. सैन्यात दाखल झालेल्या घोड्याला नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा असतो, आणि तो त्याच्या खुरावर डागलेला असतो. खूर दरमहा सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, क्रमांक खाली सरकत जातो आणि झिजतो. तो पुरता पुसला जाण्याआधी नालबंद खुराच्या वरच्या बाजूस तोच क्रमांक पुन्हा डागतो.